सतरा नंबरची काडी

सहादूच्या शेडमध्ये आता फक्त गोल उरलेत. तीन वर्षं नऊशे कुंड्या तिथं उभ्या होत्या. जमिनीवर अंथरलेलं कापड उन्हानं विटलं, कुंड्यांखालचं तेवढं काळंभोर राहिलं. कंपनीच्या माणसांनी एका दिवसात कुंड्या उचलून नेल्या आणि खाली नऊशे काळे गोल दिसायला लागले. सहादूनं केलं काय होतं? साडूला दहा रोपं दिली होती. स्वतःच्या शेडमधल्या काड्यांची, स्वतःच्या हातानं लावलेली. बस, एवढंच. पोलीस आले, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून चहा प्याले, पंचनाम्यावर सही घेतली आणि गेले. सहादू आता दुपारचा त्या रिकाम्या शेडमध्ये जाऊन बसतो. हाक मारली तर मान वर करत नाही.

माझं शेड तिथून दोन किलोमीटरवर, गिरणाऱ्याच्या अलीकडं. अकराशे कुंड्या, ब्लूबेरीच्या. सातपूरला नऊ वर्षं लेथ मशीन चालवलं, ते सोडून ह्यात पडलो. कंपनीचा करार अठ्ठावीस पानांचा आहे. सगळा वाचायला मला चार दिवस लागले, आणि वाचून जे कळलं ते एका दमात सांगतो. जमीन तुझी, शेड तुझं, पाणी तुझं, लाईट तुझी, घाम तुझा. झाड कंपनीचं. झाडाची काडी कंपनीची. काडीला आलेलं पान गळून पडलं तर ते पानसुद्धा कंपनीचं. मेच्या छाटणीत निघालेल्या काड्या मोजायच्या, यंत्रात घालून चुरा करायचा, चुरा जाळायचा आणि जाळताना व्हिडिओ काढून ॲपवर टाकायचा. सही केली तेव्हा मला हसू आलं होतं. काडी काय, काडी तर आपल्याकडं कुणीही कुणाला देतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजता मोबाईल वाजला. ‘आज दुपारी दोन वाजता व्हेरायटी तपासणी. छाटणीच्या नोंदी तयार ठेवाव्यात. घर व परिसर पाहिला जाईल.’ सहादूला आलेला मेसेज मी त्याच्या मोबाईलवर वाचला होता. शब्दाला शब्द हाच.

तरी मी घाबरलो नाही. घाबरायचं काय? मी काहीच केलं नव्हतं. मेसेज वाचत वाचत शेडमध्ये गेलो. आई, सरुबाई, तिसऱ्या ओळीत फळ तोडत होती. कमरेला डबा बांधलेला, बोटांचा रंग जांभळा. फळ ती ओढत नाही, अंगठ्यानं हळूच फिरवते. पिकलेलं असेल तर ते आपसूक तळहातात येतं, आणि वरची पांढरी भुकटी पुसली जात नाही. ही भुकटी पुसली गेली की कंपनी माल मागं पाठवते. बाकीच्या बायकांना हे शिकवायला दोन हंगाम गेले. आईला कुणी शिकवलं नाही. चाळीस वर्षं द्राक्षाचे घड हाताळलेली बाई.

“आई, दोन वाजता मॅडम येताहेत. तपासणी हाय.”

“येऊ दे की. चहा ठेवू.”

“सहादूकडं झाली होती ना, तसली.”

तिचा हात झाडातच थांबला. “काड्यांची?”

“काड्यांचीच. का गं?”

“काय नाय.”

“आई.”

तिनं कमरेचा डबा सोडला, खाली ठेवला. “हर्षालीला दिल्यात मी. ह्या सतरा नंबरच्या. पाच.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“कधी?”

“मागच्या नाय, त्याच्या मागच्या मे महिन्यात. माहेरपणाला आली होती ती. ओटीत घातल्या. मग? पोरीला रिकामी लावून द्यायची का?”

आता हे समजून घ्यायला आमच्या घरची रीत माहीत पाहिजे. आमच्याकडं लेक सासरी परत निघाली की ओटीत तांदूळ-नारळासोबत बागेतली काडी घालतात. पाच डोळ्यांची, ओल्या तरटात गुंडाळलेली. डोळा म्हणजे जिथून फूट निघते ती जागा. लेकीनं ती सासरच्या मातीत लावायची. आईच्या आईनं आईला दिली होती. आमची सगळी द्राक्षबाग त्या काडीपासून वाढली. वडील, फकिरा नाव त्यांचं, ते गेले तरी त्या बागेला गावात आईच्या माहेरचं नाव आहे. आणि रीत अशी की देणारीनं कधी सगळं द्यायचं नाही, एक काडी मागं ठेवायची. दिलेल्या घरात बाग मेली तर पुन्हा द्यायला हातात काही असलं पाहिजे.

अठ्ठावीस पानं मी वाचली होती. आईला वाचून दाखवली नव्हती. चूक माझी. पण वाचून दाखवली असती तरी काय झालं असतं? कागदात लिहिलंय म्हणून लेकीची ओटी रिकामी ठेवणारी बाई नाही ही.

“सतराच्याच का?” मी विचारलं.

“तूच बघ ना.”

बघायची गरज नव्हती. कंपनीनं आम्हाला दोन वाण दिलेत. एकाचं नाव एन-चौदा, झाड सरळ वाढतं, फळ कडक, देठाची जखम बारीक आणि कोरडी, म्हणून टिकतं. दुसरं एन-तीस, झाड आडवं पसरतं, फळ गोड पण उन्हानं मऊ पडतं. तिसऱ्या ओळीतलं सतरा नंबर आहे एन-तीस, पण त्याची एक फांदी वेगळी. पहिल्याच हंगामात आईनं ती पकडली. बाकीची झाडं हिरव्या फळांवर होती तेव्हा ह्या फांदीवरचं फळ जांभळं. तीन आठवडे लवकर. फळ मोठं, टोकावरचा पाच पाकळ्यांचा मुकुट उघडा, आणि मार्चच्या उन्हातही टणक. आईनं पुढच्या हंगामात बाकीच्या फांद्या कमी करून त्याच फांदीला जागा करून दिली. आता झाडाचा निम्मा भाग ती फांदीच आहे. डिसेंबरात मी मोठ्या तोऱ्यात ॲपवर नोंद टाकली होती, फोटोसकट. ‘ओळ तीन, कुंडी सतरा, तीन आठवडे लवकर, फळ मोठं.’ वाटलं, शाबासकी मिळेल.

“जगल्या का त्या?” मी विचारलं.

“चार मेल्या. एक जगली. फळ धरलंय तिनं. जावईबापूंनी मोबाईलवर फोटू पण ठेवलावता.”

“स्टेटसला?”

“मला काय माहीत काय म्हणतात ते. लोकांना दिसतं तसलं.”

माझ्या बायकोला, सुवर्णाला, मी एवढंच सांगितलं की सिन्नरला जाऊन येतो, दोनच्या आत येतो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पॅकिंगच्या टेबलावरची कात्री बाजूला ठेवली. “सहादूसारखं?” तिनं विचारलं. मी गाडीला किक मारली.

सिन्नर पन्नास किलोमीटर. पूर्ण रस्ताभर माझ्या डोळ्यांसमोर गोल होते. अकराशे गोल. शेड उभं करायला वडिलांची निम्मी बाग तोडली होती, ती काय परत उगवणार होती? आणि लेथवर आता कोण घेणार मला, बेचाळीसाव्या वर्षी? सातपूरच्या फाट्यावर पहिल्या पाळीच्या बस उभ्या होत्या. त्यातल्या एकाही माणसाकडं झाडाची पानं तपासायला कुणी येत नाही, असा विचार आला आणि माझाच मला राग आला. मागं एक पांढरी बोलेरो लागली होती, कंपनीची असते तशी. मी हळू झालो, तीही हळू झाली. द्वारकेच्या चौकात ती मुंबईकडं वळली. तोवर माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

हर्षालीचं घर सिन्नरच्या बाहेर, एमआयडीसीच्या कडेला. संतोष, माझा मेव्हणा, पहिल्या पाळीला गेलेला. हर्षाली दारात कपडे पिळत होती.

“दादा? आईला काय झालं?”

“आई बरी हाय. ते झाड कुठाय?”

तिचा चेहरा फुलला. खरं सांगतो, तो चेहरा आठवला की अजून मला माझी लाज वाटते. “बघायला आलास व्हय! ये ये. आमच्या सासूबाई तर त्याला सरूच म्हणतात. आज सरूला पाणी घातलं का, सरूला ऊन लागतंय का.”

मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या सावलीला, रंगाच्या जुन्या बादलीत ते झाड होतं. गुडघ्याएवढं. पानं हिरवीगार. मला पटेना. सिन्नरचं पाणी इतकं जड की किटलीत पांढरा थर बसतो. ब्लूबेरीला आंबट पाणी लागतं. आम्ही ॲसिड टाकून, मीटर लावून, दिवसातून तीनदा तपासून पाणी देतो, तरी पानं पिवळी पडतात.

“पाणी कोणतं घालतेस?”

“एसीचं. ह्यांच्या कंपनीत ऑफिसच्या एसीचं पाणी बाहेर टपटप गळतं ना, ते कॅनमध्ये भरून आणतात. त्यात अर्धं लिंबू पिळते. आईनं सांगितलंवतं, आंबट दे म्हणून. आणि फळ बघ, आठ आलेत. त्याआधी आलेलं पहिलं सासूबाईंनी देवापुढं ठेवलं.”

आठ फळं. मोठी, भुकटी न पुसलेली, प्रत्येकाच्या टोकाला मुकुट. हे झाड कुठल्या कुठल्या देशातून आलेलं, आणि एसीच्या पाण्यावर सिन्नरला बादलीत फळ धरून बसलेलं. अठ्ठावीस पानं लिहिणाऱ्याला हे दाखवायला पाहिजे होतं. आणि त्याच्यापासूनच लपवायचं होतं.

“हर्षे, गोणी आण.”

“कशाला?”

मी सांगितलं. सहादूचं, मेसेजचं, दोन वाजताचं. ती ऐकत राहिली. फुललेला चेहरा मिटत गेला.

“म्हणून उपटणार? ओटीतलं?”

“नाहीतर सगळं जाईल. आईचं, माझं, सगळं.”

“इथं कोण बघायला येतंय?”

“स्टेटस कुणी कुणी बघितलं, मोजलंस का?”

सासूबाई ओट्यावर आल्या होत्या. त्या नुसत्या आत निघून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“पाणी तरी पी,” हर्षाली म्हणाली. “गोणी मी शोधते.”

मी आत जाऊन पाणी प्यालो. बाहेर आलो तर तिनं झाड बादलीसकट गोणीत घालून तोंड बांधून ठेवलं होतं. डोळे कोरडे. माझ्याकडं न बघता म्हणाली, “ने.”

चेहेडीच्या पुलावर थांबलो. खाली दारणा. मला दुसरं काही सुचलं नाही. जाळायला वेळ नव्हता, रस्त्यात टाकलं तर कुणी उचलेल. दोन्ही हातांनी गोणी कठड्यावरून ढकलली. आणि बुडेना ती. नारळाच्या भुश्यात लावलेलं झाड, हलकं. गोणी पाण्यावर उताणी पडून हळूहळू गोल फिरायला लागली.

“ओ पाव्हणं! काय टाकलं?” पुलाखालून एक माणूस ओरडला. कमरेइतक्या पाण्यात उभा होता, नारळ आणि नाणी शोधणारा.

तोंडात आलं ते बोललो. “निर्माल्य!”

“मग गोणी कशाला बांधली? सोडून टाका ना! नारळ असंल तर मी घेतो.” आणि तो गोणीकडं सरकायला लागला.

मी पुलावरून खाली धावलो. दगडांवरून घसरलो, गुडघा फुटला, पँट मांडीपर्यंत भिजली. त्याच्या आधी गोणी गाठली. पाण्यात दाबून धरली. बुडबुडे येत होते. तो माणूस पाच हातांवर उभा राहून बघत होता.

“जिवंत काय हाय का त्यात?” त्यानं हळू आवाजात विचारलं.

“नाय,” मी म्हणालो.

तो मागं मागं सरकत गेला. काय समजला असेल ते समजला. मी गोणीवर दगड ठेवला, आणखी एक ठेवला, आणि वर आलो. मोबाईलवर मॅडमचा मेसेज होता. ‘इंदिरानगरवरून निघतेय. दोनऐवजी साडेबारापर्यंत पोहोचेन. तेजस्विनी.’

अकरा पस्तीस झाले होते.

शेडवर पोहोचलो तेव्हा पांढरी बोलेरो आंब्याखाली उभी होती. तेजस्विनी मॅडम, कंपनीच्या शेती अधिकारी, दोन माणसं घेऊन पहिल्या ओळीत पोहोचल्या होत्या. एक माणूस प्रत्येक कुंडीच्या टॅगवर यंत्र धरत होता, टीं, टीं, टीं. दुसरा पानाचा शेंगदाण्याएवढा गोल तुकडा कापून कागदाच्या पाकिटात टाकत होता. पानावरून झाडाचं कुळ कळतं म्हणे, माणसाच्या रक्तावरून कळतं तसं.

“कुठे होतात?” मॅडमनी विचारलं. त्यांची नजर माझ्या भिजलेल्या पँटवर गेली, मग गुडघ्यावर.

“सिन्नरला. बहिणीकडं. गाडी घसरली.”

“पाण्यात?”

मी हसायचा प्रयत्न केला. त्या हसल्या नाहीत.

ह्याच बाई तीन वर्षांपूर्वी कुंड्या लावायच्या दिवशी आमच्या सगळ्यांमध्ये खाली बसून भाकरी खात होत्या. त्या दिवशी त्यांनी ब्लूबेरीची गोष्ट सांगितली होती, आणि आईनं ती तोंड उघडं टाकून ऐकली होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे फळ बागेत कुणी लावतच नव्हतं. अमेरिकेत पाइनच्या रानात, दलदलीत आपोआप यायचं. मग तिथल्या एका शेतकरी बाईनं रानातल्या बेरी तोडणाऱ्यांना भोक पाडलेली पट्टी दिली आणि सांगितलं, ह्या भोकातून जे फळ पडणार नाही, एवढं मोठं, त्याचं झाड मला दाखवा. ज्यानं झाड शोधलं त्याचं नाव त्या झाडाला दिलं. त्या झाडांचे एका शास्त्रज्ञानं संकर केले. पण त्यांना हजार तास कडाक्याची थंडी लागायची, त्याशिवाय कळी फुटत नसे. म्हणून पुढं फ्लोरिडात, गरम मुलखात, तिथल्या पान न गाळणाऱ्या रानटी झुडपाशी त्यांची गाठ घातली. त्या गाठीतून निघालेल्या वाणांची नातवंडं म्हणजे आमच्या कुंडीतली झाडं. थोड्या थंडीत भागतं त्यांचं. दुसरी एक जात आहे, तिचं फळ पिकण्याआधी सशाच्या डोळ्यासारखं लाल होतं, हेही मॅडमनीच सांगितलं होतं.

“तोडणाऱ्यांचं नाव दिलं?” आईनं तेव्हा विचारलं होतं. “म्हणजे मजुराचं?”

“हो आजी, मजुराचं.”

आई त्यावर चार दिवस खूश होती. आता ती शेडच्या दारापाशी उभी होती, पदर तोंडाला लावून. मी तिच्याकडं बघून मान हलवली, झालं अशा अर्थी. तिनं मान फिरवली.

पहिली ओळ संपली. दुसरी ओळ संपली. टीं, टीं, टीं. तेरा, चौदा, पंधरा, सोळा.

सतरापाशी मॅडम स्वतः खाली बसल्या. फांद्या बाजूला केल्या. मला वाटलं, फळ बघतील. त्यांनी बुंधा बघितला. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं.

“हे कोणी कापलं?”

पाच जुन्या जखमा. आम्ही छाटणी कंपनीच्या कात्रीनं करतो, ती आडवी कापते. ह्या पाचही तिरप्या होत्या, डोळ्याच्या वर एक बोट सोडून, पाणी साचू नये अशा उतरत्या. कलमाच्या चाकूच्या. द्राक्षवाल्या हाताच्या. जखमा भरून गुळगुळीत झाल्या होत्या तरी हात लपत नव्हता.

“मी,” आई दारातून म्हणाली.

“आणि काड्या?”

माझ्या कानात नुसता पंख्याचा आवाज होता. आईनं तोंड उघडलं. ही बाई आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही, तलाठ्यासमोर नाही, नवऱ्यासमोर नाही. ती आता सांगणार, ओटी, सिन्नर, सगळं, हे मला दिसत होतं.

“जाळल्या,” मी म्हणालो. “बाकीच्यांसोबत. व्हिडिओत आहेत.”

आईनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं तोंड मिटलं आणि खाली बघितलं. सहादू बघतो तसं. माझी आई. तिला गप्प मीच केलं होतं.

मॅडम बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना कळलं का? मला वाटतं, कळलं. पण त्या उठल्या, हात झटकले आणि माणसाला म्हणाल्या, “ही कुंडी गाडीत घ्या.”

“गाडीत?” मी विचारलं.

“त्यासाठीच तर आलो. तुम्हीच नाही का डिसेंबरात ॲपवर टाकलंत? फांदीत आपोआप बदल झालाय. असा बदल लाखात एखाद्या झाडात होतो. करारातलं चौदावं कलम, वेगळी फांदी निघाली तर झाड कंपनीकडे जातं. बाकीच्या कुंड्या तुलनेसाठी तपासल्या. वरून सगळं ठीक दिसतंय.”

“आणि ते घर-परिसर बघणार होतात...?”

“तो मेसेज सगळ्यांना एकच जातो हो. कॉम्प्युटर पाठवतो.”

काड्यांसाठी कुणी आलंच नव्हतं. सिन्नरच्या बादलीची कुणाला खबरही नव्हती. स्टेटस बघितलं असेल ते संतोषच्या पाळीच्या माणसांनी, आणि ते विसरूनही गेले असतील. मी मात्र पन्नास किलोमीटर जाऊन, ओटीतलं झाड पाण्याखाली दाबून, वर दगड ठेवून आलो होतो.

दोघांनी कुंडी उचलली. आई पुढं झाली.

“ताई, ह्याला नाव काय देणार?”

“नंबर देतील आजी. पास झालं तर.”

“आणि सापडलं कुणाला, ते लिहितात का?”

मॅडमनी गाडीचं दार धरलं होतं. “नोंद ह्यांच्या लॉगिनवरून आहे,” त्या म्हणाल्या, माझ्याकडं बघून. “पण वाण कंपनीच्या नावावर होतो.” मग जरा थांबून, “मी लिहीन रिपोर्टमध्ये. पुढं कोण वाचतं ते माहीत नाही.” एवढंच त्या म्हणाल्या आणि बसल्या. गाडी गेली. तिसऱ्या ओळीत सोळा आणि अठराच्या मध्ये एक काळा गोल राहिला.

आई त्या दिवशी जेवली नाही. मला काही बोललीही नाही. सुवर्णानं ताट वाढलं, झाकून ठेवलं. तिन्हीसांजेला हर्षालीचा फोन आला. मी उचलायला घाबरलो, म्हणून सुवर्णानं उचलला आणि स्पीकरवर टाकला.

“दादा आहे का? वहिनी, त्याला विचार, गेले का ते लोक?”

“गेले,” मी म्हणालो. “हर्षे, मला माफ कर. ते काड्यांसाठी आलेच नव्हते.”

पलीकडं थोडा वेळ कपडे वाळत घातल्यासारखा फडफडणारा आवाज. मग ती म्हणाली, “तू पाणी प्यायला आत गेलास ना?”

“हो.”

“तेव्हा मी एक काडी कापून घेतली. देताना एक मागं ठेवायची ना रे. आईनंच शिकवलंय.”

कोपऱ्यातून आईचा आवाज आला, गाडी गेल्यापासूनचा पहिला.

“डोळे किती ठेवलेस?”

“पाच.”

“तिरपी कापलीस?”

“तिरपी.”

“मग सिन्नरला ठेवू नको,” आई म्हणाली. “ह्याला माहीत असलेल्या जागी तर बिलकुल ठेवू नको.”

ह्याला म्हणजे मला. बरोबर होतं तिचं. मला दुखलं, पण बरोबर होतं.

दोन महिन्यांनी आईनंच मला जागा सांगितली, कारण पाणी पोचवायला कुणीतरी लागत होतं. ती जागा मी इथं सांगणार नाही. नाशिक जिल्हा मोठा आहे, शोधणाऱ्यानं शोधावं. दर शनिवारी संतोषकडून एसीच्या पाण्याचा कॅन घेतो आणि जातो. काडीला दोन डोळ्यांतून फूट आलीय. पानं करंगळीच्या नखाएवढी. हर्षालीच्या सासूबाई तिला अजून सरूच म्हणतात, लांबूनच.

भीती गेली असं समजू नका. गेल्या शनिवारी कॅन गाडीला बांधून निघालो आणि आरशात पांढरी बोलेरो दिसली. मी हळू झालो, ती हळू झाली. मी कडेला घेतलं. कॅनवर हात ठेवून उभा राहिलो, जसं काही हातानं झाकला जाणार होता तो. गाडी बाजूनं गेली. मागच्या सीटवर नवरदेव होता, मुंडावळ्या बांधलेला, खिडकीतून मान बाहेर काढून ओकत होता.

मला हसायला पाहिजे होतं. कॅनचं झाकण घट्ट आहे का बघितलं, किक मारली आणि पुढच्या वळणाला आत घेतलं.